गोलवर ओव्हाळ, पुढं आम्ही दहा

लेथवर काम केलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. पाळी संपते तेव्हा पायाशी लोखंडाचा चुरा साचलेला असतो. चुरा पाडायचा म्हणून कोणी लेथ चालवत नाही. काम दुसरंच चाललेलं असतं आणि हा आपला साचत राहतो. आमच्या फुटबॉल टीमचं तसंच झालं. आम्ही निघालो होतो विद्यापीठाचा कप आणायला. कप काही आला नाही. किस्से मात्र एवढे साचले, की आता पन्नाशीला आवरायला बसलो तर फावडं लागेल.

टीम आमच्या सकाळच्या कॉलेजची. सकाळचं कॉलेज म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांमधल्या कामगारांसाठी काढलेलं कॉलेज. दुसऱ्या पाळीचा माणूस तास उरकून कामाला जायचा, तिसऱ्या पाळीचा कामावरून थेट तासाला यायचा आणि पहिल्या पाळीचा त्या आठवड्यात तोंडच दाखवायचा नाही. प्रॅक्टिसही त्याच बेतानं. त्यामुळे अकराच्या अकरा जण एका वेळी मैदानावर, हे दृश्य आम्ही एरवी फक्त ग्रुप फोटोत पाहिलं. त्यातले दोघं फोटोग्राफरनं मागाहून चिकटवलेले.

मी लेफ्ट बॅक. माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. टीमनं तरी कधी ठेवला नाही.

*

टीम स्थापन झाली ती बासष्टच्या सुमाराला. तेव्हा मी नव्हतो. पण कॉलेजच्या म्हाताऱ्या शिपायानं हा किस्सा मला इतक्या वेळा सांगितला, की हल्ली मी तिथं होतो असंच मी सांगतो.

विद्यापीठाची समिती कॉलेज तपासायला येणार होती. खेळाची सोय आहे का, हे ती बघणार. प्रिन्सिपॉलांनी विचार केला. क्रिकेटला बॅटी लागतात, पॅड लागतात. हॉकीला अकरा काठ्या. फुटबॉलला एक चेंडू पुरतो. चेंडू आला. असेम्ब्लीला काम करणारे अकरा धडधाकट विद्यार्थी निवडले गेले. त्यातल्या कोणीही हा खेळ आधी पाहिला नव्हता. प्रिन्सिपॉलांनाही फारसा माहीत नव्हता. त्यांनी दोनच सूचना दिल्या. चेंडूला हात लावायचा नाही आणि आपल्याकडे आला की पुढच्याला द्यायचा.

समिती झाडाखाली खुर्च्या टाकून बसली. पहिल्यानं चेंडू दुसऱ्याला दिला. दुसऱ्यानं तिसऱ्याला. असं करत अकराव्यापर्यंत गेला. अकराव्यानं तो नीट पुसून पुन्हा पहिल्याला दिला. कोणी घाई केली नाही, कोणी कोणाचा चेंडू ओढला नाही. अर्धा तास हे चाललं. समितीचे अध्यक्ष भारावून गेले. असं पासिंग आपण पुण्यात पाहिलं नाही म्हणाले. मग जरा चुळबुळ करून त्यांनी विचारलं, "पण गोल कधी करतात?"

प्रिन्सिपॉल म्हणाले, "ते दुसऱ्या डिपार्टमेंटला."

कॉलेजला मान्यता मिळाली.

*

मी टीममध्ये आलो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, सत्तर उलटल्यावर. तोवर टीमला गोल करणारं डिपार्टमेंटही मिळालं होतं. त्याचं नाव पवळे.

पवळे निघोज्याचा. सेंटर फॉरवर्ड. धावायचा असा, की मागं बैल लागलाय. विद्यापीठाची वयाची अट पंचविशीची होती आणि आम्ही बहुतेक सगळे त्या अटीच्या उंबऱ्यावर मिशा राखून, पोरंबाळं घेऊन उभे. पुण्याच्या कॉलेजांतली कोवळी पोरं आम्हाला सरसकट 'काका' म्हणायची. एकदा त्यांच्या कॅप्टननं टॉसच्या आधी पवळेला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, सर, तुमची टीम किती वाजता येणारे? पवळे म्हणाला, "हीच की. आनखी कुठली पायजे तुला?"

एका मॅचला समोरच्या टीमचा फुल बॅक म्हणजे पवळेचा सख्खा मेहुणा निघाला. बायकोचा धाकटा भाऊ, पुण्यात शिकायला ठेवलेला. आता जावयाचा मान तुम्हाला सांगायला नको. पवळे चेंडू घेऊन आला, की मेहुणा अदबीनं बाजूला व्हायचा. एकदा झाला, दोनदा झाला. त्यांचा कॅप्टन लांबून ओरडला, अरे, अडव ना त्याला.

"दाजी हायेत," मेहुणा म्हणाला.

"मग काय झालं?"

"मग काय झालं काय? दाजी हायेत!"

अर्ध्या वेळेपर्यंत दाजींचे तीन गोल झाले. मध्यंतरात कॅप्टननं मेहुण्याला काय दम भरला कोण जाणे, पण दुसऱ्या हाफमध्ये पवळे आला तेव्हा त्या पोरानं डोळे मिटून पाय आडवा घातला. पवळे तोंडावर पडला. उठला, धोतर झटकतात तशी चड्डी झटकली आणि खेळत राहिला. रेफ्रीनं खेळ चालू ठेवला.

त्या दिवाळीला पवळे सासरी गेला नाही. भाऊबीज होऊन गेली, तुळशीचं लग्न झालं, तरी जावयाचा पत्ता नाही. शेवटी मेहुण्याला टोपी-उपरणं घेऊन निघोज्याला यावं लागलं आणि आळीतल्या चार माणसांसमोर पाया पडावं लागलं. रेफ्रीनं फाउल दिला नव्हता. सासऱ्यानं दिला.

*

आता आमचा गोलकीपर. ओव्हाळ.

ओव्हाळ दापोडीचा. रेल्वेलाइनच्या कडेला चाळ. गाडी गेली की त्यांच्या फळीवरची भांडी नाचायची, आणि हा लहानपणापासून ती खाली पडायच्या आत झेलायचा. गोलकीपिंग तिथंच शिकलो असं तो सांगायचा. कामाला फाउंड्रीत, मोल्डिंगला. खेळायला येताना तिथलेच जाड हातमोजे घालून यायचा. एका मॅचला समोरच्यांनी तक्रार केली, हे असले मोजे नियमात बसत नाहीत. रेफ्री म्हणाले, बघू. त्यांनी स्वतः मोजे चढवले, उलटसुलट हात फिरवून पाहिले, ठीक आहे म्हणाले आणि खेळ सुरू करा म्हणून खूण केली. मग लक्षात आलं, की मोजे हातातून निघत नाहीत आणि त्या बोटांनी शिट्टी धरता येत नाही. मोजे ओढून काढेपर्यंत मॅच विनाशिट्टी चालली. तेवढ्यात आम्ही दोन ऑफसाइड गोल करून घेतले.

ओव्हाळ कंपनीत टेम्पररी होता. सहा-सात महिने भरत आले की ब्रेक देऊन कामावरून कमी करायचे आणि मग पुन्हा गेटवर जाऊन उभं राहायचं. अशी त्याची वर्षं चालली होती. शेजारच्या एका कंपनीची स्वतःची फुटबॉल टीम होती. त्यांच्या साहेबानं ओव्हाळला तोंडावर सांगितलं होतं, विद्यापीठाकडून खेळून ये, दुसऱ्या दिवशी परमनंट करतो. म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर नोकरी. आणि नोकरी झाली तर सुशीला. सुशीला बोपोडीची. लग्न ठरल्यातच जमा होतं, पण तिच्या वडिलांना परमनंट जावई हवा होता. ते रेल्वेत होते, सिग्नल पडल्याशिवाय काही हलू द्यायचे नाहीत. कोणीतरी त्यांना म्हणालं, पोरगा गोलकीपर चांगला आहे हो, भल्याभल्यांना थांबवतो.

ते म्हणाले, "माहीत आहे. माझ्या पोरीला तीन वर्षं थांबवलंय."

*

कॅप्टन शिंदे. देहूचा माणूस, पण गळ्यात माळ नव्हती, खिशात स्टीलची पट्टी होती. कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनला. दिवसभर पार्ट तपासायचे आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, हे त्याचं काम. ती सवय घरी गेली, मैदानावर आली. चहा समोर आला तरी तो आधी उजेडात धरून बघायचा. माणसांनाही त्याचा शिक्का असायचा. पवळे पास. मी रिवर्क.

पुण्यात एका मैदानावर गेल्या गेल्या यानं पट्टी काढली आणि गोलपोस्ट मोजायला लागला. आडवा बार चार बोटं खाली होता. शिंदेनं रेफ्रीला बोलावलं. समोरच्यांनी समजावलं, अहो, आम्ही वर्षानुवर्षं इथंच खेळतोय. शिंदे म्हणाला, वर्षानुवर्षं रिजेक्ट माल चाललाय. आता खांब तर सिमेंटात पुरलेले. ते काही वर उचलता येईनात. शेवटी मैदानाच्या माळ्यानं तोडगा काढला. बार वर जात नसेल तर जमीन खाली न्या. फावडी आली आणि गोलखालची माती चार बोटं खणून काढली. शिंदेनं पुन्हा मोजलं आणि मान डोलावली.

टॉस आम्ही हरलो. त्यामुळे त्या खड्ड्यात उभं राहायला गेला आमचाच ओव्हाळ. मॅच सुरू झाली आणि पाऊस आला. मैदानभरचं पाणी उतार शोधत शोधत गोलमध्ये जमा झालं. पहिला हाफ संपला तेव्हा ओव्हाळ घोट्याच्या वर गाळात होता आणि उडी मारायची म्हटलं तर आधी पाय उपटून काढावा लागत होता. बाहेर आल्यावर तो शिंदेला एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी रुंदी मोज, भावा."

*

आमचे कोच कुलकर्णी सर. विषय अर्थशास्त्र. फुटबॉल ते लायब्ररीतल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून शिकले होते. त्या पुस्तकाचा शेवटचा भाग वाळवीनं खाल्लेला होता, आणि बचाव हे प्रकरण त्या भागात असावं. कारण ते आम्हाला कधी शिकवलं गेलं नाही.

सरांचं मध्यंतरातलं भाषण तासासारखंच असायचं. मुद्दे, उपमुद्दे, समारोप. एकदा मी तिसरी पाळी करून थेट मॅचला आलो होतो. सर तिसऱ्या उपमुद्द्यावर असताना माझे डोळे मिटले. शिट्टी झाली, सगळे उठले, मीही उठलो, जागेवर जाऊन उभा राहिलो. पण जागा झालो नाही. हे मला नंतर सांगण्यात आलं. माझं म्हणणं अजूनही असं, की मी विचार करत होतो.

मी पाय फाकून, हात कमरेवर ठेवून ठाम उभा. समोरचा त्यांचा विंगर भलता चपळ. तो चेंडू घेऊन आला, मला डावीकडं हूल दिली. मी हललो नाही. उजवीकडं दिली. मी हललो नाही. असा बॅक त्यानं जन्मात पाहिला नव्हता. सगळे बॅक हुलीला फसतात, हा पापणी हलवत नाही. तो बिचकला आणि चेंडू मागं देऊन निघून गेला. दुसऱ्यांदा आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं चिडून चेंडू सरळ माझ्यावर मारला. तो माझ्या कपाळावर बसून थेट पवळेच्या पायात गेला आणि पवळेनं गोल केला.

मी जागा झालो तेव्हा टीमनं मला खांद्यावर घेतलं होतं. सर खाली उभे राहून सांगत होते, बघा, तिसरा उपमुद्दा.

*

एका वर्षी आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मोठा संप झाला. दोन-तीन कंपन्या एकदम बंद. घराघरांत हलाखी, वाण्याची उधारी, बायकांची बोलणी. पण मैदानावर काय झालं, तर रोज सकाळी अकरा माणसं हजर. टीमच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. आम्हाला एकमेकांचा खेळ पहिल्यांदाच दिसला. पवळे डाव्या पायानंही मारतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही एकामागून एक मॅच जिंकत सेमीफायनलला गेलो. सेमीफायनल बघायला विद्यापीठाचे सिलेक्टर यायचे. त्याआधीच्या मॅचेस त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या आणि आमची टीम सेमीफायनलपर्यंत कधी गेली नव्हती. म्हणजे ओव्हाळ त्यांच्या नजरेस पडण्याची ही पहिलीच वेळ. सुशीलेचे वडीलसुद्धा मॅचची वेळ विचारून गेले.

मॅचच्या आदल्या दिवशी संप मिटला.

सगळ्या पट्ट्यात गुलाल उधळला जात होता. एकटे कुलकर्णी सर सुतक असल्यासारखे युनियनच्या ऑफिसात गेले आणि पुढाऱ्याला म्हणाले, अजून दोन दिवस ताणून धरता आलं नसतं का? कारण विचारल्यावर त्यांनी सेमीफायनल सांगितली. पुढारी सभ्य माणूस. त्यानं सरांना चहा पाजला आणि म्हणाला, "सर, आमच्या मागण्यांमध्ये फुटबॉल नव्हता."

दुसऱ्या दिवशी आम्ही सात जण मैदानावर होतो. ओव्हाळही नव्हता. संप मिटताच त्याला फाउंड्रीत पहिल्या पाळीला बोलावलं होतं, आणि टेम्पररी माणूस संपानंतरच्या पहिल्याच दिवशी दांडी मारू शकत नाही. गोलमध्ये मी उभा होतो. स्कोअर विचारू नका.

*

पुढचं वर्ष ओव्हाळचं शेवटचं. वयाची अट संपत होती. त्यानंतर विद्यापीठ नाही, ती नोकरी नाही, आणि सुशीलेला दुसरीकडून बघायला यायला लागलेच होते.

त्या वर्षी कुलकर्णी सरांनी एक काम केलं. बचावाचं प्रकरण सोडून त्यांनी सिलेक्टरांना गाठलं. फर्नांडिस सर म्हणून खडकीच्या बाजूचे गृहस्थ होते. डोक्यावर हॅट, खाली स्कूटर, बोलणं मोजकं. आमचा कीपर एकदा बघा म्हणून सर त्यांच्या दारात इतक्या वेळा गेले, की ते शेवटी हो म्हणाले. आमची पहिलीच मॅच बघायला येतो, पण पूर्ण थांबणार नाही, खडकीला दुसरी मॅच आहे. त्या वर्षी निवड लवकर होती, दुसऱ्याच दिवशी जाहीर होणार. जे काय दाखवायचं ते त्याच दिवशी.

मॅच आमच्याच मैदानावर, गुरुवारी. गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यातला सुट्टीचा दिवस. त्या दिवशी कारखाने बंद. रात्रपाळी कोणाला नव्हती. अकराच्या अकरा आले आणि अकराच्या अकरा पोटभर झोपून आले. घात तिथंच झाला.

समोर एक नवीन कॉलेज, पहिल्या वर्षाची पोरं, बुटांचे बंदसुद्धा आईनं बांधल्यासारखे. शिट्टी झाली आणि पवळेनं गोल केला. मग आणखी एक. मग शिंदेनं एक. चेंडू त्यांच्याच हाफमध्ये. ती पोरं मधली रेघ ओलांडून आलीच नाहीत. मी एकदाच चेंडूजवळ गेलो, तोही पवळेनं लांबून "ऱ्हाऊ द्या" म्हणून ओरडून काढून घेतला. ओव्हाळ गोलमध्ये एकटा. आधी तो बोटांवर नाचत होता. मग नुसता उभा राहिला. मग गोलपोस्टला हात लावून झाडाखालच्या हॅटकडं बघत राहिला. अर्ध्या वेळेपर्यंत त्याच्या मोज्यांना चेंडूचा स्पर्श नाही.

मध्यंतर झालं. फर्नांडिस सरांनी घड्याळ पाहिलं आणि कुलकर्णी सरांना म्हणाले, टीम चांगली आहे, फॉरवर्ड चांगला आहे. कीपरचं काय सांगू? मी त्याला उभा पाहिला. उभा चांगला राहतो. अजून दहा मिनिटं बसतो.

ओव्हाळ आमच्याकडं आलाच नाही. बाजू बदलून तो थेट पलीकडच्या गोलशी गेला आणि खांबाला टेकून बसला. आम्ही दहा जण मैदानाच्या अलीकडे, पाण्याच्या घागरीभोवती. मी म्हणालो, थोडं ढिलं खेळू, त्या पोरांना येऊ देऊ. पवळे म्हणाला, "त्यास्नी रस्ता जरी दावला तरी न्हाई यायची ती. भ्याल्यात."

शिंदे घागरीतलं पाणी उजेडात धरून बघत होता. मग म्हणाला, "माल एक नंबर आहे. इन्स्पेक्टर दारात बसलाय. आणि आपण टेस्टच घेत नाही. मग पास कसा करणार तो?"

टेस्ट घेणार कोण, मी विचारलं.

"आपण."

मला वाटलं, ऊन लागलं याला. पण शिंदे कामाच्या सुरात बोलत होता. दुसरा हाफ सुरू झाला की दहाही जणांनी मागं वळायचं आणि ओव्हाळच्या गोलवर शॉट मारायचे. लांबून, जवळून, डोक्यानं, जसं जमेल तसं. कोणीतरी म्हणालं, मग ओव्हाळला सांगून ठेवू. त्यावर शिंदे पहिल्यांदा चिडला. "टेस्ट पीसला सांगून टेस्ट घेतात काय? कळलं तर तो नाटक करेल, ते त्या हॅटवाल्याला दिसेल. त्याला सांगायचं नाही. आणि शॉट खरे मारायचे. ढिला मारला त्याला टीममधून काढीन."

शिट्टी झाली. पवळेनं चेंडू घेतला, समोरच्या पोरांना पाठ दाखवली आणि आमच्याच गोलकडं सुटला. ओव्हाळ खांबाला टेकून उभा होता. पवळे चुकून वळलाय असं वाटून त्यानं हात केला, तिकडं, तिकडं. पवळेनं काडकन मारला. ओव्हाळनं कसा तो बाहेर काढला हे मला आजही सांगता येणार नाही. तो उठतोय तोवर शिंदेचा आला. तो त्यानं छातीवर घेतला. चेंडू त्यानं लांब फेकला, तर आमच्याच माणसानं तो अडवून परत त्याच्यावर मारला.

मग ओव्हाळची जीभ सुटली. दापोडीत जेवढ्या शिव्या होत्या तेवढ्या सगळ्या त्यानं आम्हाला नावानिशी वाटल्या आणि प्रत्येक शिवीसोबत एक शॉट अडवला. उजवीकडं झेपावला, डावीकडं झेपावला, पवळेच्या पायावर पडून चेंडू ओढून घेतला, शिंदेचा हेडर बोटाच्या टोकानं बारवरून घालवला. माणूस पेटला होता.

रेफ्रीनं शिट्टी तोंडात धरली होती. पण फुंकायची कशासाठी ते त्यांना सुचेना. आपल्याच कीपरवर चेंडू मारू नये, असं नियमात कुठं लिहिलेलं नाही. समोरची पोरं आधी लांब उभी राहिली, मग हळूहळू जवळ आली आणि रेघेवर बसून बघायला लागली. त्यांचा कॅप्टन शिंदेजवळ येऊन अगदी हळू म्हणाला, "काका, आम्ही काय करायचं?"

"पाणी प्या," शिंदे म्हणाला.

झाडाखाली फर्नांडिस सर खुर्चीतून उठले होते. कुलकर्णी सर घाम पुसत त्यांना सांगत होते, की हे एक नवीन तंत्र आहे, पुस्तकातलं.

एकच गोल झाला. तो माझा. वर्षानुवर्षं खेळलो, पण माझ्या पायाचा चेंडू कुठल्याही जाळीत गेला नव्हता. त्या दिवशी गेला, वरच्या कोपऱ्यात. शिंदेनं माझ्याकडं पाहिलं. "तुला आजच नेम सापडायचा होता?" म्हणाला.

दहा मिनिटं म्हणता म्हणता फर्नांडिस सर पाऊण तास थांबले. खडकीची मॅच राहिली. जाताना स्कूटरला किक मारत ते कुलकर्णी सरांना म्हणाले, "कीपर अच्छा है. बाकी टीम को डॉक्टर को दिखाओ."

मॅच आम्ही जिंकलो. ओव्हाळ कपडे न बदलता सायकल काढून दापोडीला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी निवड जाहीर झाली. ओव्हाळ विद्यापीठाचा गोलकीपर. तो पुढच्या मॅचेसला आला, गोलमध्ये उभा राहिला, पण आमच्यातल्या कोणाशी बोलला नाही. पास मागितला तरी हातानं खुणावून. पुढं तो विद्यापीठाकडून खेळून आला आणि शेजारच्या कंपनीच्या साहेबानं शब्द पाळला. आम्हाला हे सगळं इतरांकडून कळत होतं.

मग एका सकाळी आम्ही कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसलेलो असताना ओव्हाळ आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. टेबलावर पुडा ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही. उभाच राहिला.

"परमनंट झालो," म्हणाला. "सुशीलाच्या घरनं होकार आला. पुढच्या महिन्यात लग्न."

आम्ही सगळे एकदम उठलो. त्यानं दुसऱ्या हातानं खाली बसा अशी खूण केली.

"त्या नवीन कॉलेजच्या पोरांना आधी पेढे देऊन आलो. ती बिचारी बसून तरी राहिली. तुम्हाला द्यायचे नव्हते. पण आई म्हणाली, वाकड्यात शिरलेल्याचंसुद्धा तोंड गोड करावं." मग त्यानं शिंदेकडं पाहिलं. "एकच सांग. इतकी वर्षं एकत्र खेळलो. माझी शेवटची संधी होती, तुला माहीत होतं. माझं सिलेक्शन हुकावं म्हणून दहाच्या दहा जण माझ्यावर चालून आलात. तरी एकट्याच्या जिवावर मिळवलं. मी काय वाईट केलं होतं तुमचं?"

पवळेनं तोंड उघडलं. शिंदेनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, तो मला दिसला. कुलकर्णी सर शेजारच्या टेबलावर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर आणखी वर धरला.

शिंदे म्हणाला, "जळलो होतो राव. तू परमनंट होणार म्हटल्यावर पोटात दुखायला लागलं आमच्या."

ओव्हाळनं मान हलवली. "मला वाटलंच होतं," म्हणाला, आणि पुडा आमच्याकडं सरकवला.